जुन्या इस्टेटला टर्बो: पंपाचं इंजिन की कॉमन रेल?

टाटा इस्टेट या जुन्या डिझेल स्टेशन वॅगनचं मूळ, बिनटर्बोचं इंजिन ज्यांनी चालवलंय, त्यांना टर्बो (जास्त हवा कोंबून इंजिनाची ओढ वाढवणारा पंखा) कशाला हवा हे सांगायला नको. पाच माणसं, मागे सामान आणि समोर तुळजापूरचा घाट असला की हात आपोआप एसीच्या बटणाकडे जातो, बंद करायला. प्रश्न एवढाच, की टर्बो कुठला? माझी 1994 ची, एमएच 13 ची, म्हणजे सोलापूरची गाडी. तिच्यात मी दोन्ही प्रकारची टर्बो इंजिनं बसवून पाहिली. आधी कॉमन रेल, म्हणजे ज्यात डिझेल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, चौदा महिने. मग ते उतरवून जुनं टर्बो, ज्यात ते काम यांत्रिक डिझेल पंप करतो. दोनदा खिसा रिकामा झाला.

पंपाच्या इंजिनाची मोठी सोय म्हणजे ते घरचंच आहे. 1991 ची सिएरा आणि 1992 ची इस्टेट एकाच घराण्यातल्या, आणि तोच 1948 सीसीचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मूळ सांगाडा, टर्बोसकट पुढे सिएरात आणि 1998 च्या पहिल्या सफारीत गेला. माझ्याकडे माउंटिंगं जवळजवळ जागच्या जागी बसली, गिअरबॉक्सला हात लावावा लागला नाही. तिकडे स्वीडनमधले हौशी लोकही व्होल्वो 245 मध्ये 740 टर्बोचं इंजिन घालतात ते याच कारणानं: ब्लॉक भाऊबंदातला.

काही जण विचारतात, जुन्याच इंजिनावर टर्बो टांगला तर? नका टांगू. टर्बोवाल्या पंपावर हवेचा दाब वाढेल तसं डिझेल वाढवणारा डायफ्रॅम (पडदा) असतो, साध्या पंपाला तो नसतो. शिवाय ऑइलची ने-आण आणि पिस्टन, सगळंच वेगळं.

कॉमन रेलचं कौतुक मात्र खरं आहे, ते आधी करतो. माझं कुठल्या गाडीचं होतं ते सांगत नाही, कारण दोष इंजिनाचा नव्हता. गाडी इतकी शांत झाली की आई मागे बसून फोनवर बोलू लागली. ओढ तर विचारू नका; घाटात तिसरा गिअर पुरायचा, एसी चालू ठेवून. पुण्याला जाऊन सोलापुरात परत येताना डिझेलचा काटा जिथे असायचा, तिथे आताच्या इंजिनात तो वाटेत टेंभुर्णीतच येतो. नुसतं इंजिन बघितलं तर कॉमन रेल सरस आहे, वाद नाही.

पण कॉमन रेलबरोबर ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरचा डबा येतो, आणि त्याला आपण दुसऱ्या गाडीत आलोय हे कधीच पटत नाही. बदली झालेला कारकून नव्या ऑफिसात बसून जुन्या ऑफिसच्या फायली मागतो, तसं त्याचं. गाडीच्या वेगाचा सिग्नल कुठे? इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप) कुठे? इस्टेटमध्ये त्यातलं काहीच नाही. वायरिंगवाल्यानं कुठे खोटा सिग्नल दिला, कुठे लूप मारला, आणि गाडी चालली. महिनाभर. मग पिवळा दिवा. मग लिंप मोड, म्हणजे पेडल जमिनीला टेकवलं तरी गाडी आपल्याच चालीनं.

एकदा घाटाच्या मध्यावर हे झालं. मागे एसटी हॉर्न मारतेय, आई "काय झालं रे?" विचारतेय, आणि मी किल्ली बंद करून पुन्हा चालू करतोय. तशानं दोन-तीन किलोमीटर दिलासा मिळायचा. सोलापुरात स्कॅनर लावणारे पुष्कळ आहेत, तो प्रश्न नव्हता. स्कॅनर कोड दाखवायचा, पण तो ज्या सेन्सरचा, तो माझ्या गाडीत नव्हताच! नसलेली वस्तू दुरुस्त कशी करायची? होटगी रोडच्या एका मिस्त्रीनं शेवटी हात जोडले, "साहेब, गाडीचं सांगा, करतो. ह्या डब्याचं मला सांगू नका." त्या दिवशी माझं ठरलं.

आताच्या इंजिनाला एकदा चालू झाल्यावर स्टॉप सोलेनॉइडपुरता (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेपुरता) करंट मिळाला की पुरतं. पंप बिघडलाच तर काढून पंपवाल्याकडे द्यायचा. त्यातलं कळणारी माणसं मोहोळपासून अक्कलकोटपर्यंत सापडतात, निदान अजून तरी.

त्रास याचेही आहेत. आवाज आहे, खालच्या आरपीएमला टर्बो झोपलेला असतो, आणि जास्त ओढीच्या लोभानं पंपाचा स्क्रू फिरवलात तर काळा धूर आणि पीयूसीत वांधे. मे महिन्यात आपल्याकडे पारा 43-44 ला गेला की जुना रेडिएटर पुरत नाही. मी त्याचा तीन लाइनचा, म्हणजे नळ्यांच्या तीन रांगांचा कोअर बनवून घेतला. लांबून आल्यावर मिनिटभर आयडलिंगवर ठेवतो, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जळतं. आई आता फोनवर बोलत नाही, एवढं एक नुकसान.

आरटीओचं: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे बदलाआधी परवानगी घ्यावी लागते, आणि जानेवारी 2019 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर मूळ स्पेसिफिकेशनपासून लांब गेलेली गाडी मान्य होणं अवघड झालंय. घरच्याच ब्लॉकचा अर्ज समजावून सांगायला सोपा, असा माझा अनुभव. तुमचा वेगळा असू शकेल. इंजिन भंगारातून घेतलं तरी ज्या गाडीचं आहे तिचे कागद आणि पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

तुमचं रोजचं चालवणं पुणे-मुंबईचं असेल, आणि ओळखीत वायरिंग कोळून प्यालेला माणूस असेल, तर कॉमन रेल घ्याही. मला तसा माणूस मिळाला नाही. पंपाचं इंजिन बघायला मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारात गेलात तर आधी टर्बोचा होज काढून शाफ्टला बोट लावा. बाजूला किंचित हलला तर चालतं. आत-बाहेर सरकला, तर इंजिन कितीही चकाचक पुसून ठेवलेलं असो, पुढच्या दुकानात जा.