बेळगाव तालुक्यातील एक कृषी सेवा केंद्र : माल चोख, सल्ला अपुरा

बटाटा, कोबी आणि मिरचीवरची औषधे येथे मुदतीतली व पक्क्या पावतीसह मिळतात. शिवाय बाटलीला रबराने अडकवलेल्या कानडी माहितीपत्रकातली मात्रा मालक मराठीतून वाचून दाखवतात, ही सोय सीमाभागात लहान नव्हे. मात्र गरोदर भावजयीसाठी हातमोजे मागितले, तेव्हा "बायका कुठं फवारतात?" असे हसून उत्तर मिळाले. फवारत नसतील, पण त्याच ओल्या पिकात भांगलायला त्याच जातात आणि फवारणीचे कपडेही त्याच धुतात.

ही काळजी उगाच नाही. डेन्मार्कमधील हरितगृहांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांवरील अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. गरोदरपणी ज्यांच्या आयांचा कीटकनाशकांशी संबंध आला होता, अशा मुलग्यांच्या रक्तात तीन महिन्यांच्या वयात टेस्टोस्टेरॉन आणि इन्हिबिन-बी ही वृषणांत तयार होणारी संप्रेरके तुलनेने कमी आढळली. फरक सुटे पाहिले तर किरकोळ होते, पण त्यांचा कल एकाच दिशेचा होता. अर्थात, एवढ्यावरून कोणत्याही एका औषधाला दोषी ठरवता येत नाही.

दुकानात बाटलीवरच्या, औषध किती विषारी ते दाखवणाऱ्या लाल-पिवळ्या त्रिकोणांचा अर्थ विचारल्याशिवाय सांगितला जात नाही. मालासाठी दुकान जरूर गाठावे. फवारलेल्या शेतात किती दिवस जाऊ नये, हे मात्र खोदून विचारावे.