मेंदूतल्या तारा दिसतात, रसायने नाहीत: ‘कोडेक्स’ या संकेतस्थळाविषयी

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या वर्गाला कीटकांचे दिशाज्ञान शिकवताना मी फळमाशीच्या मेंदूतील जोडण्यांचा नकाशा बनवणाऱ्या फ्लायवायर प्रकल्पाचे ‘कोडेक्स’ हे संकेतस्थळ नियमित वापरतो. एका प्रौढ मादी फळमाशीच्या मेंदूतील १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यातील सुमारे ५ कोटी जोडण्या येथे पाहता येतात. त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. गूगलचे खाते पुरते.

शोधपेटीत ‘ईपीजी’ ही रोमन आद्याक्षरे टाकली की दिशादर्शक पेशींची यादी समोर येते. त्या सगळ्या निवडून त्रिमितीय चित्र उघडले, की मेंदूच्या मधोमध, ‘मध्यवर्ती संकुल’ या भागात, मेदुवड्याच्या आकाराचे कडे उभे राहते आणि प्रत्येक पेशीने त्याची एकेक फोड व्यापलेली दिसते. माशी वळते तसा या कड्यातील उत्तेजनाचा ठिपका फिरतो, हे २०१५ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले होते. पाठ्यपुस्तकातील सपाट आकृतीवरून जे तासभर समजावावे लागे, ते चित्र फिरवताच मुलांच्या ध्यानात येते. (आमच्या प्रयोगशाळेतले जुने संगणक मात्र एवढ्यानेच धापा टाकू लागतात.)

माझी अडचण पुढे सुरू होते. प्रत्येक पेशीसाठी अनुमानित चेताप्रेषक (पुढच्या पेशीला संदेश देणारे रसायन) दिलेला असतो, पण निवड सहांतूनच होते: ॲसिटिलकोलीन, गाबा, ग्लुटामेट, डोपामीन, सेरोटोनिन आणि ऑक्टोपामीन. न्यूरोपेप्टाइडांना, म्हणजे चेतापेशी संदेशासाठी सोडतात त्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांना, त्या यादीत जागा नाही. याला संकेतस्थळाचा निष्काळजीपणा म्हणता येणार नाही, कारण पेशीतील गडद गाभ्याच्या पुटिकांत (सूक्ष्म पिशव्यांत) साठवलेली पेप्टाइडे जोडणीच्या जागेपासून दूरही सोडली जातात आणि आसपास पसरतात, त्यामुळे कोणती पेशी कोणाला चिकटली आहे याच्या नकाशावरून त्यांचा माग लागत नाही. फळमाशीच्या याच मध्यवर्ती संकुलात टॅकिकायनिन, लघु न्यूरोपेप्टाइड एफ, प्रॉक्टोलिन अशी कितीतरी पेप्टाइडे प्रतिपिंडांच्या साहाय्याने आढळलेली आहेत.

शिवाय ही एकाच जातीची एकच माशी आहे. प्रॉक्टोलिनचेच पाहा: पाच अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड १९७५ मध्ये झुरळातून वेगळे केले गेले, फळमाशीत ते आहे, आणि मैलोन्‌मैल जाऊन अचूक पोळ्यावर परतणाऱ्या युरोपीय मधमाशीच्या जनुकसंचात मात्र त्याचे जनुक सापडलेले नाही. मध्यवर्ती संकुल दोघींनाही आहे. त्यात वापरली जाणारी रसायने मात्र उत्क्रांतीत बदलली आहेत. पाठाचा खरा गाभा हाच, आणि ‘कोडेक्स’ एकट्याने तिथवर नेत नाही.

म्हणून मी शेजारच्या खिडकीत ‘इन्सेक्ट ब्रेन डेटाबेस’ उघडून ठेवतो. तिथे मोनार्क फुलपाखरू, वाळवंटी टोळ, शेणकिडा यांच्या मेंदूंची रचना ताडून पाहता येते. पेप्टाइडांचा तक्ता मुले शोधनिबंध वाचून वहीत हाताने भरतात, आणि मधमाशीच्या रकान्यात प्रॉक्टोलिनसमोर फुली मारतात.