एपिफोन लेस पॉल की गिब्सन: चौपट पैशांत आवाज किती बदलतो?

'लेस पॉल स्टँडर्ड फिफ्टीज' या एकाच नावाच्या दोन इलेक्ट्रिक गिटारी मिळतात. गिब्सनची २०१९ मध्ये आली, ती अमेरिकेत नॅशव्हिलला बनते. एपिफोनची २०२० मध्ये आली, ती चीनमध्ये बनते. एपिफोन हा गिब्सनचाच ब्रँड आहे. बाजारात आल्या तेव्हा अमेरिकेतली किंमत होती गिब्सनची २४९९ डॉलर, एपिफोनची ५९९. मित्राची गिब्सन आणि माझी एपिफोन एकाच ट्यूब अँपला (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या अँप्लिफायरला) आलटूनपालटून लावून आम्ही अख्खा रविवार घालवला. पहिली चांगली लेस पॉल घ्यायच्या विचारात असलेल्यांसाठी त्यातून जे कळलं ते सांगतो.

फरक कुठे नाही ते आधी. दोन्हींचं अंग महोगनीचं, वर मेपलचा थर, स्केल (तारेची वाजणारी लांबी) २४.७५ इंच, पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे भाग) सीटीएस कंपनीचे. लेस पॉलचा तो भरदार, गोलसर आवाज दोन्हींत आहे. गेन (अँपवरचा आवाज फाटका करणारा नॉब) चढवून पॉवर कॉर्ड, म्हणजे रॉकमधले दोन सुरांचे ठोस कॉर्ड, वाजवले तेव्हा डोळे मिटून कोणती कुठली हे मला ओळखता आलं नाही. मित्रालाही नाही, आणि गिब्सन त्याच्या हातात पाच वर्षं आहे. लांब धरलेल्या सुराची आसही दोघींची जवळपास सारखीच भरली.

क्लीन, म्हणजे न फाटलेल्या आवाजात मात्र चित्र पालटतं. नेक पिकअप (तारांची थरथर टिपणाऱ्या दोन चुंबकी पिकअपांपैकी मानेजवळचा) लावा, गेन अगदी कमी ठेवा, गिटारचा व्हॉल्यूम सहावर आणा आणि सहाही तारांचा एखादा सावकाश कॉर्ड छेडा. गिब्सनवर कॉर्डमधला एकेक सूर सुटा ऐकू येतो. एपिफोनवर खर्जाच्या जाड तारा एकमेकींत मिसळतात, तळाशी थोडा गाळ राहतो. हलक्या हाताने आणि जोरात वाजवण्यातला फरक तर मला फारच महत्त्वाचा वाटला. एपिफोनवर मुख्यतः आवाज लहान-मोठा होतो. गिब्सनवर सुराचा पोतच बदलतो: हलक्या हाताला मऊ, जोर लावला की किंचित खरखरीत.

याचं मूळ बहुतेक पिकअपमध्ये आहे. गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हंबकर हा पिकअप घडवला आणि १९५७ पासून तो लेस पॉलवर बसू लागला. दोन कॉइल उलट जोडून विजेची गुणगुण मारायची ही त्यातली युक्ती. त्या काळी तारेचे वेढे नेमके मोजून पडत नसत, दोन कॉइलमध्ये थोडं कमीजास्त राही, आणि त्या तफावतीमुळे वरचे स्वर जरा मोकळे ऐकू येत. गिब्सनचे आजचे बर्स्टबकर पिकअप ही तफावत मुद्दाम ठेवतात. एपिफोनच्या प्रोबकर पिकअपमध्येही बर्स्टबकरसारखेच अल्निको २ जातीचे चुंबक आहेत, पण ते पिकअप मेणात बुडवलेले असतात. मेणामुळे कॉइलची बारीक थरथर थांबते आणि मोठ्या आवाजात शिट्टी येत नाही, मात्र आवाजातला मोकळेपणाही थोडा जातो. उलट मित्राची बिनमेणाच्या पिकअपची गिब्सन चढ्या गेनवर अँपसमोर उभं राहिलं की शिट्टी मारू लागते. हेवी मेटल वाजवणाऱ्याला एपिफोनच जास्त सोयीची पडेल, हे मी मनापासून सांगतो.

लाकडाबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. गिब्सनचा फ्रेटबोर्ड (मानेवरची, बोटं दाबायची पट्टी) रोझवूडचा, म्हणजे शिसव जातीच्या लाकडाचा. एपिफोनवर 'इंडियन लॉरेल' लिहिलेलं असतं, ते म्हणजे आपला सह्याद्रीतला ऐन. २०१७ मध्ये शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आली, तेव्हा गिटारवाल्यांनी जी पर्यायी लाकडं शोधली त्यांत ऐन होता. आवाजात मला फरक ऐकू आला नाही. माझा ऐनाचा फ्रेटबोर्ड लवकर कोरडा पडतो, वर्षातून दोनदा तेल लावावं लागतं, इतकंच.

तिसरी, म्हणजे जीची तार दोन्हींत सारखीच छळते. हेडस्टॉककडे (खुंट्या असलेल्या टोकाकडे) जाताना ती नटपाशी, म्हणजे तारांच्या खाचा असलेल्या पट्टीपाशी, वाकते, खाचेत अडकते आणि बेसूर होते. खाचेत पेन्सिलचं शिसं घासा, फरक पडतो.

घरी छोट्या सॉलिड स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरच्या) अँपवर वाजवत असाल तर गिब्सनसाठी कर्ज काढू नका. वर सांगितलेला सुटेपणा त्या स्पीकरमधून बाहेरच येणार नाही. एपिफोन घ्या, चांगल्या कारागिराकडून सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवणं) करून घ्या, उरलेल्या पैशांत ट्यूब अँप आणा. आवाजातली सर्वांत मोठी उडी तिथेच मिळेल. पुढे पिकअप बदलायची वाटही मोकळी राहते.

ट्यूब अँप आधीच दारात असेल, ब्लूज किंवा जॅझ वाजवत असाल आणि वाजवताना करंगळी सतत व्हॉल्यूमच्या नॉबवर जात असेल, तर गिब्सनचे पैसे रोज वसूल होतील. फक्त तिला रबरी फोमच्या स्वस्त स्टँडवर ठेवू नका. तिच्यावरचं नायट्रो लॅकर (नायट्रोसेल्युलोजचं वार्निश) फोमला चिकटून खराब होतं. स्टँडच्या हातांना सुती कापड गुंडाळा.