उधारी: वही की टॅली?
जळगाव-चोपड्याकडच्या कृषी केंद्राची बरीच उधारी कापूस विकला की फिटते. पंचवीस-तीस खाती असतील तर वही पुरे. शेतकऱ्याची सही तिथेच मिळते, आणि वसुलीची 3 वर्षांची कायदेशीर मुदत संपण्याआधी घेतलेली लेखी कबुली ती मुदत नव्याने सुरू करते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या नुसत्या नोंदीला ही ताकद नाही.

खाती शंभरावर गेली की मात्र टॅलीच. लेजरमध्ये, म्हणजे शेतकऱ्याच्या खात्यात, 'बिल-बाय-बिल' (प्रत्येक बिलाची बाकी वेगळी) चालू करा, उधारीचे दिवस भरा. 30-60-90 दिवसांची थकबाकी एका पानावर दिसते. घोळ होतो जमा पावतीत. घाईत रक्कम 'ऑन अकाउंट' (कोणत्याही बिलाला न जोडता) टाकली की बाकी बरोबर, पण जुनी बिले उघडीच. 'अगेन्स्ट रेफ' निवडून बिल जोडा. बॅकअप रोज पेनड्राइव्हवर. (वहीला ती कटकट नाही, उंदीर मात्र आहेत.)