जुन्या टॉकीजच्या जागी दोन पडदे: जायचं तर शाल घेऊन जा

काकूला सिनेमा दाखवायचा म्हणून रविवारी तिला तालुक्याच्या गावी घेऊन गेले. खाली मोबाइलची दुकानं, एक पतपेढी, वर दोन पडदे. आपलं जुनं टॉकीज होतं ती हीच जागा, हे काकूला तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मग चिंच कुठे गेली?" तिकिटाच्या खिडकीसमोरची चिंच. बायकांची खिडकी वेगळी होती आणि तिची रांग त्या सावलीत लागायची.

आधी चांगलं सांगते. पडदा स्वच्छ, कुठे डाग नाही, ठिगळ नाही. आवाज असा की मागून कोणी चालत आलं तर आपण वळून बघावं. खुर्चीत ढेकूण नाहीत. जुन्या टॉकीजचे गोडवे गाणारे ढेकणांचं नाव काढत नाहीत, पण फर्स्ट क्लासच्या वेताच्या खुर्च्यांत ते पिढीजात होते. आणि बायकांसाठी धड स्वच्छतागृह आहे. आम्ही पूर्वी सकाळपासून पाणी न पिता सिनेमाला जायचो, हे माझ्या मुलीला खरं वाटत नाही.

तिकीट १८० रुपये. पॉपकॉर्न तिकिटाहून महाग. घरून नेलेले उकडलेले शेंगदाणे दारावरच्या पोराने पिशवीतून काढून ठेवायला लावले. काकूने ते तिथेच उभं राहून अर्धे खाल्ले, उरलेले त्यालाच दिले.

माझी खरी तक्रार वेळांबद्दल आहे.

जुन्या टॉकीजचं घड्याळ एसटी स्टँडवर होतं. तीनचा खेळ सव्वासहाच्या वस्तीच्या गाडीला बांधलेला. जैतापूर, नाटे बाजूची सगळी माणसं त्या गाडीची. ती गेली की रात्र स्टँडच्या बाकावर. आता हजार फुटांचं एक रीळ म्हणजे अकरा मिनिटं. सतरा रिळांचा सिनेमा असला की तीन तास तिथेच उलटले. त्यात इंटरव्हल, वीज गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंतच्या शिट्ट्या, आणि पडदा काळवंडला की थर्डमधून आरोळी, "ए कार्बन!" प्रोजेक्टरमध्ये दोन कार्बनच्या कांड्यांच्या टोकांत ठिणगी पेटायची, कांड्या जळत जायच्या, आणि ऑपरेटर विडी ओढायला गेला की त्यांतलं अंतर वाढून उजेड मरायचा. एवढं सगळं सहाच्या आत कसं बसणार? तो इंटरव्हलनंतरचं एक गाणं सरळ उडवायचा. कोणाची तक्रार नसायची. पुढे बऱ्याच वर्षांनी घरी टीव्हीवर तोच सिनेमा लागला आणि काकू ओरडली, "अगो, हे गाणं कुठून आलं?"

जुलैत वेगळीच तऱ्हा. वर पत्रे. पाऊस धरला की पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवायची. ऑपरेटर आवाज वाढवत वाढवत शेवटपर्यंत न्यायचा, आणि पाऊस एकदम थांबला की नायिकेची कुजबुज बाहेरच्या पानवाल्यापर्यंत पोचायची. नव्या थिएटरात बाहेर पाऊस आहे की नाही ते कळत नाही. आम्ही आत होतो तेव्हा धो धो कोसळून गेला होता, ते खाली आल्यावर गाडीच्या काचेवरून समजलं.

आता रीळही नाही आणि रिळांची पेटीही नाही. शुक्रवारी सकाळी एसटीच्या टपावरून पेटी उतरताना बघायला आम्ही शाळेला उशीर करायचो. हल्ली सिनेमा फाइलमधून येतो, फाइलला कुलूप असतं, ठरलेल्या दिवसांपुरती किल्ली मिळते. गाणं कापायची सोय उरली नाही. बरंच आहे म्हणा, ज्यांनी मेहनतीने केलं त्यांचं का कापावं? पण खेळ किती वाजता लावायचा ते काही फाइल सांगत नाही. दुपारचा खेळ चार दहाला आणि सुटतो सात वाजता. वस्तीची गाडी अजून सव्वासहाचीच आहे. काउंटरवरच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, वेळा वरून येतात." त्याला ती गाडी आहे हेच माहीत नव्हतं.

दीडेकशे खुर्च्यांत आम्ही धरून अकरा माणसं होतो. सगळी गावातली, नाहीतर स्वतःची गाडी असलेली. खाडीकडचं कोणी नाही.

सहा वाजून गेले तशी काकू पायाने चपला चाचपायला लागली. मी म्हटलं, अजून आहे. "गाडी चुकेल गो." आपण आपल्या गाडीने आलोय असं सांगितलं तेव्हा बसली, पण पदर खोचून, कडेवर, उठायच्या बेतात. शेवट तिने तसाच पाहिला.

पाचपैकी तीन. त्यातला एक निव्वळ स्वच्छतागृहाचा. मधल्या रांगा घ्या, कडेला एसीचा झोत थेट मानेवर येतो. एसटीने येणाऱ्यांनी सकाळचाच खेळ धरावा.