न झालेल्या तपासण्यांचे अहवाल

माझ्या फाइलमध्ये कोलोनोस्कोपीचा एक अहवाल आहे. मोठे आतडे सीकमपर्यंत, म्हणजे थेट सुरुवातीच्या टोकापर्यंत, आतून पाहिले आणि ते निर्दोष आढळले, असे त्यात नमूद आहे. ही तपासणी माझ्यावर कधीच झालेली नाही. हे मला शस्त्रक्रियेनंतर सात महिन्यांनी समजले, आणि त्या सात महिन्यांत मी तोच अहवाल स्वतःला धीर देण्यासाठी अनेकदा वाचला होता.

माझी मूळ तक्रार अशी होती की शौचाची भावना होई, परंतु कितीही कुंथले तरी पोट साफ झाल्यासारखे वाटत नसे. अर्धा अर्धा तास बसावे लागे आणि शेवटी योनीच्या मागच्या भिंतीवर बोटाने दाब दिल्याशिवाय मल पुढे सरकत नसे. माझी दोन बाळंतपणे झाली असून त्यांपैकी दुसरे चिमटा लावून करावे लागले होते. बोटाने दाब देण्याची गोष्ट मी घरातही कोणाला सांगितली नव्हती. पुढे कधीतरी रक्ताचे थेंब दिसू लागले, तेव्हा घाबरून मी एका उपचार केंद्रात गेले. बिनटाक्याचे, बिनवेदनेचे उपचार करून त्याच दिवशी घरी पाठवतो, अशी त्यांची जाहिरात होती.

तेथे डॉक्टरांच्या आधी एका सल्लागाराने माझी गाठ घेतली आणि माझा विमा आहे का, हा त्याचा पहिला प्रश्न होता. डॉक्टरांनी छोटी नळी घालून आतले चित्र पडद्यावर दाखवले, तिसऱ्या अवस्थेतील मूळव्याध असल्याचे सांगितले आणि वेळीच मोड काढले नाहीत तर पुढे कर्करोग होईल, असे बजावले. पाच मिनिटांत सारे आटोपले. शौच कसे होते, किती वेळ लागतो, बोटाचा आधार घ्यावा लागतो का, यांपैकी काहीही मला विचारले गेले नाही. विचारले असते, तर मी कदाचित सांगितले असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण या एका वाक्याच्या भीतीने माझ्यासारखे अनेकजण तत्काळ सही करतात. मूळव्याधीचा कर्करोग होत नाही. मात्र दोन्हींमध्ये पडणारे रक्त रुग्णाला सारखेच दिसू शकते, आणि म्हणून रक्त मोडांमधूनच येते आहे असे गृहीत न धरता, वय आणि लक्षणे पाहून आतड्याची तपासणी करावी लागते. म्हणजे जी भीती मला शस्त्रक्रियेसाठी घातली गेली, तिचे खरे उत्तर तपासणीत होते आणि तीच तपासणी केवळ कागदावर केली गेली.

संमतिपत्र माझ्यापुढे आले तेव्हा हाताला सलाइन लावलेले होते आणि चष्मा काढून घेतलेला होता. लेझरने मोड जाळणार, असे तोंडी सांगितले होते. डिस्चार्ज कार्डावर मात्र स्टेपलरने केलेल्या शस्त्रक्रियेची नोंद निघाली. ही पद्धत खोटी नाही. अँटोनियो लाँगो या इटालियन शल्यचिकित्सकांनी १९९८ मध्ये ती मांडली, आणि तिच्यात गुदद्वाराच्या वरच्या भागातील अस्तराचा कड्यासारखा पट्टा कापून काढून कडा धातूच्या बारीक टाचण्यांनी जोडतात. योग्य रुग्णाला तिचा उपयोग होतो. परंतु त्यानंतर दीर्घकाळ दुखणे किंवा शौचाची अनावर घाई होणे हे तिचे माहीत असलेले धोके आहेत, आणि ते माझ्यापुढे कोणीही मांडले नव्हते. मला ते दोन्ही त्रास झाले. वायू रोखता येईना, घराबाहेर पडायचे तर आधी शौचालय कोठे आहे याची चौकशी करावी लागे, आणि ज्यासाठी गेले होते ते कुंथणे जसेच्या तसे राहिले.

मी पुन्हा त्याच केंद्रात गेले, तेव्हा ओटीपोटाचा तळ खचला असून योनीमार्गे जाळी बसवावी लागेल, असे सांगण्यात आले. २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, ओटीपोटातील अवयव खाली सरकण्यावर योनीमार्गे बसवायच्या जाळ्यांची विक्री उत्पादकांना थांबवायला लावली होती, ही माहिती मला त्या रात्री वाचताना मिळाली. दुसऱ्या ठिकाणी दाखवण्याचा निश्चय मी तेव्हाच केला.

दुसऱ्या डॉक्टर या मोठे आतडे आणि गुदमार्ग यांच्या शल्यचिकित्सक होत्या. त्यांनी आधी फाइल उघडलीच नाही. मलाच्या सात प्रकारांचा तक्ता पुढे ठेवून माझा कोणता, हे विचारले, आणि इतर प्रश्नांच्याच ओघात, आवाज जराही न बदलता, बोटाने आधार द्यावा लागतो का, असेही विचारले. इतक्या वर्षांत प्रथमच मी हो म्हणाले. त्यानंतर फाइल चाळताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायला काय प्यायला दिले होते?”

काहीच दिले नव्हते. अहवालावरील तारीख मी पहिल्यांदा तेथे गेले त्या दिवसाची होती, आणि त्या दिवशी मी घरून पोटभर जेवून निघाले होते. संपूर्ण आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीसाठी आदल्या दिवसापासून खाण्यावर बंधन असते आणि जुलाबाचे औषध भरपूर प्यावे लागते, कारण मल शिल्लक असेल तर आतड्याची भिंत दिसतच नाही. माझ्यावर वापरलेली छोटी नळी जेमतेम गुदद्वाराच्या आतील काही सेंटिमीटर दाखवणारी होती.

फाइलमध्ये अॅनोरेक्टल मॅनोमेट्रीचाही अहवाल होता. या तपासणीत दाब मोजणारी बारीक नळी गुदमार्गात ठेवतात आणि रुग्णाला आवळायला, रोखून धरायला, कुंथायला सांगतात, म्हणून रुग्ण पूर्ण जागा असणे अनिवार्य असते. माझ्या अहवालावर छापलेली वेळ आणि भूलतज्ज्ञांच्या नोंदीतील वेळ त्या डॉक्टरांनी शेजारी शेजारी ठेवल्या. त्या वेळी मी पूर्ण भुलीखाली होते. दोन्ही तपासण्यांचे शुल्क विम्याच्या दाव्यात लावलेले होते.

खरी तपासणी तेथे सुरू झाली, आणि तिची सुरुवात कोणत्याही यंत्राने नव्हे तर हातमोजा घातलेल्या एका बोटाने झाली. आत बोट ठेवून त्यांनी मला शौचाला बसल्याप्रमाणे कुंथायला सांगितले, आणि जो स्नायू सैल पडायला हवा होता तो माझ्याकडून उलट आवळला गेला. प्युबोरेक्टॅलिस नावाचा हा स्नायू मलाशयाच्या मागून झोळीसारखा वळसा घालतो आणि त्याला पुढे ओढून धरतो. त्यामुळे तेथे एक कोन राहतो आणि मल थोपून धरला जातो. शौचाच्या वेळी झोळी सैल होऊन हा कोन उघडावा लागतो. माझ्यात मेंदू आणि स्नायू यांचा हा मेळच बिघडला होता, म्हणजे मी बंद दरवाजावर वर्षानुवर्षे जोर लावत होते. नंतर मॅनोमेट्री झाली, तेव्हा तीच गोष्ट आलेखावर उमटलेली दिसली. मलाशयात ५० मिलिलिटर पाण्याने भरलेला फुगा ठेवून तो बाहेर टाकायला सांगितला, जे निरोगी माणसाला साधारण एखाद्या मिनिटात जमते. मला तो मुळीच टाकता आला नाही. मलाशयात लेप भरून, बसलेल्या स्थितीत शौच करताना क्ष-किरण चित्रे घेतली, तेव्हा मलाशयाची पुढची भिंत योनीकडे थोडी फुगते हेही दिसले. परंतु तेवढा फुगवटा कोणतीही तक्रार नसलेल्या बाळंतपण झालेल्या स्त्रियांमध्येही आढळतो, त्यामुळे केवळ त्याच्यासाठी चाकू उचलण्याचे कारण नाही, असे त्यांनी मला चित्र पुढे ठेवून समजावले.

यावरचा उपाय शस्त्रक्रिया नव्हता. बायोफीडबॅक म्हणतात त्या उपचारात दाबाचा आलेख रुग्णाला पडद्यावर दिसत असतो आणि पोटातून जोर देताना तळाचा स्नायू सैल कसा सोडायचा, हे तो पाहून शिकतो. माझ्या सहा बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत पडद्यावरची रेषा पहिल्यांदा खाली गेली, तेव्हा मला रडू आवरले नाही. आता बोटाचा आधार लागत नाही. घाईचा त्रास मात्र कमी झाला असला तरी गेलेला नाही, कारण कापलेले अस्तर परत येत नाही.

खरी कोलोनोस्कोपीही झाली आणि ती निर्दोष निघाली. आत काही वाढत असते, तर खोट्या अहवालाच्या भरवशावर मी आणखी किती काळ स्वस्थ बसले असते, याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो. म्हणून ज्यांच्या फाइलमध्ये असे अहवाल असतील त्यांना माझी विनंती आहे की शेवटचा निष्कर्ष वाचण्याआधी तारीख आणि वेळ पाहा, आणि त्या दिवशी आपल्या शरीराबाबत प्रत्यक्ष काय काय घडले ते आठवा. कोलोनोस्कोपीत छायाचित्रे घेतली जातात आणि मॅनोमेट्रीत आलेख निघतो, त्यामुळे एका पानावर टंकलेले चार ओळींचे निदान हाती आले तर ती छायाचित्रे आणि तो आलेख मागून घ्या.

मी स्वतः त्या केंद्राकडे दोन्ही तपासण्यांची मूळ छायाचित्रे आणि आलेख लेखी अर्जाने मागितले आहेत आणि विमा कंपनीलाही सारी हकिगत कळवली आहे. पहिल्या अर्जाला यंत्र बिघडल्याचे उत्तर आले. दुसऱ्या अर्जाला अद्याप उत्तर आलेले नाही.