हेअर ट्रान्सप्लांटच्या ‘अनलिमिटेड ग्राफ्ट’ ऑफरमध्ये पैसे आणि केस दोन्ही कसे जातात

हेअर ट्रान्सप्लांटमध्ये फसलेल्या माणसाची तक्रार बहुतेकदा सारखीच असते: वर्ष झालं, केस आलेच नाहीत. तोवर क्लिनिकची पाटी बदललेली असते, हातात पक्कं बिल नसतं आणि पंच (केसांची मुळं काढायचं बारीक गोल हत्यार) कुणी चालवला हेही सांगता येत नाही. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, शहर कुठलंही असो, प्रकार ठरलेल्या पायऱ्यांनीच पुढे सरकतो.

सुरुवात मोबाइलवरच्या जाहिरातीने होते. ‘अनलिमिटेड ग्राफ्ट, फक्त इतक्या हजारांत, ऑफर रविवारपर्यंत.’ फोन केला की ‘फ्री कन्सल्टेशन’. तिथे पांढरा कोट घालून बोलणारी व्यक्ती अनेकदा डॉक्टर नसून काउन्सेलर असते. ती डोक्यावर मार्करने रेघ ओढते, आकडा सांगते आणि आजच टोकन भरायला लावते. डोकं डॉक्टरने तपासलेलं नसताना ग्राफ्टचा आकडा मिळाला, तर तिथूनच उठून या.

कारण अनलिमिटेड ग्राफ्ट अशी गोष्टच नसते. केस घेतले जातात ते डोक्याच्या मागच्या आणि कानांच्या वरच्या पट्टीतून, म्हणजे डोनर एरियातून. तिथे एका चौरस सेंटिमीटरला साधारण ६५ ते ८५ मुळांचे गुच्छ असतात. असा एक गुच्छ म्हणजे एक ग्राफ्ट, आणि त्यात १ ते ४ केस. बहुतेकांच्या बाबतीत आयुष्यभरात मिळून ५ ते ६ हजार ग्राफ्टच सुरक्षितपणे निघू शकतात आणि एका बैठकीत २ ते ३ हजार पुरे. काढलेल्या जागी नवं मूळ उगवत नाही. हव्यासापोटी जास्त उपसले, तर मागची बाजू उंदराने कुरतडल्यासारखी दिसते आणि पुढे दुसऱ्या डॉक्टरला दुरुस्तीसाठी मालच उरत नाही.

मोजणीतही खोट असते. ‘४००० केस’ असं सांगून २००० ग्राफ्ट लावले जातात, किंवा तीन केसांचा एक ग्राफ्ट चिरून तीन मोजले जातात. नीट काम करणाऱ्या ठिकाणी काढलेले ग्राफ्ट ओल्या गॉजवर दहा-दहाच्या ओळीत मांडतात. एक केसाचे, दोनचे, तीनचे वेगळे. त्या प्रत्येक प्लेटचा फोटो आणि सही केलेला मोजणीचा कागद मागा. हे आधीच लेखी ठरवून घ्या. ऑपरेशन सुरू झाल्यावर तुम्ही पालथे झोपलेले असता, तेव्हा काहीच मागता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: हत्यार कुणाच्या हातात आहे? नॅशनल मेडिकल कमिशनने सप्टेंबर २०२२ मध्ये सौंदर्यशस्त्रक्रियांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत पाहून हे काम शिकता येत नाही, त्यासाठी रीतसर प्रशिक्षण लागतं, असं त्यात स्पष्ट आहे. प्लास्टिक सर्जरीतलं एमसीएच किंवा डीएनबी, अथवा त्वचारोगातलं एमडी किंवा डीएनबी, या पदव्या पाहा. ‘कॉस्मेटिक सर्जन’ हे पाटीवर लिहायला बरं दिसतं, पदवी म्हणून त्याला काही अर्थ नाही. नावापुढे ‘डॉ.’ असलं तरी ती व्यक्ती दंतवैद्य, होमिओपॅथ किंवा आयुर्वेदाची पदवीधर असू शकते. त्यांची नोंदणी वेगळ्या कौन्सिलकडे असते. कानपूरमध्ये हेअर ट्रान्सप्लांटनंतर दोन अभियंते दगावले, तेव्हा २०२५ साली गुन्हा दाखल झाला तो दंतवैद्यकाची पदवी असलेल्या व्यक्तीवर. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक मागा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. भिंतीवरच्या फ्रेममधली प्रमाणपत्रं पाहून समाधान मानू नका.

नोंदणी खरी निघाली तरी धोका संपत नाही. पाटीवर नाव एका सर्जनचं, तो येऊन हेअरलाइन आखतो आणि निघून जातो. पुढचं सगळं टेक्निशियन करतात. ग्राफ्ट रोवायला सहायक असणं सर्रास चालतं आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली असेल तर त्यात गैर नाही. पण भूल देणं, पंच मारून ग्राफ्ट काढणं आणि रोवण्यासाठी चिरा पाडणं, ही तीन कामं कोण करणार त्याचं नाव संमतीपत्रावर असलंच पाहिजे. पंच जेमतेम ०.८ ते १ मिलिमीटरचा असतो. त्वचेच्या आत केसाचा कोन वरून दिसतो त्याहून वेगळा असतो. सराव नसलेल्या हाताने तो कोन चुकला की मूळच कापलं जातं. असा ग्राफ्ट रोवलाही जातो आणि बिलातही लागतो, फक्त तो उगवत नाही. ग्राफ्ट थंड सलाइनमध्ये न ठेवता सुकू दिले तरी तेच होतं.

ग्राहकाला त्या दिवशी यातलं काहीही कळत नाही. उत्तम शस्त्रक्रियेनंतरही लावलेले केस २ ते ८ आठवड्यांत गळतात, नवे ३ ते ४ महिन्यांनी दिसू लागतात आणि पूर्ण निकाल यायला बारा महिने लागतात, टाळूवर त्याहून थोडे जास्त. फसवणाऱ्यांना याच वैद्यकीय सत्याचा आडोसा मिळतो. ‘थांबा, येतील’ हे उत्तर वर्षभर पुरतं.

जिवाचा धोका भुलीत आहे. लिग्नोकेन या भुलीच्या औषधाची कमाल मात्रा ॲड्रेनलिनसह किलोमागे ७ मिलिग्रॅम, त्याशिवाय ४.५ मिलिग्रॅम. म्हणजे ७० किलोच्या माणसाला ॲड्रेनलिनसह ४९० मिलिग्रॅम. २ टक्क्यांच्या द्रावणात हे २४.५ मिलिलिटर होतं. दहा-बारा तास बैठक लांबवून हजारो ग्राफ्ट काढायचे, तर भूल पुन्हा पुन्हा टोचावी लागते आणि हिशेब ठेवायला कुणी नसेल तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूसारखी चव, कानात आवाज ही पहिली लक्षणं. त्यापुढे झटके आणि हृदय बंद पडणं. यांपैकी काहीही जाणवलं तर लाजू नका, लगेच बोला. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका ४३ वर्षांच्या व्यावसायिकाचा प्रदीर्घ चाललेल्या ट्रान्सप्लांटनंतर मृत्यू झाला. एका दमात नऊ हजारांच्या आसपास ग्राफ्ट लावल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं आणि तीव्र ॲलर्जीचा संशय होता. म्हणून टोकन देण्याआधी ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, बघायला मागा. ऑक्सिजन, पल्स ऑक्सिमीटर, ॲड्रेनलिनची इंजेक्शनं, भुलीचं औषध जास्त झाल्यास देतात ते २० टक्के लिपिड इमल्शन, आणि अतिदक्षता विभाग असलेल्या जवळच्या रुग्णालयाशी लेखी व्यवस्था, हे नसेल तर तिथे डोकं देऊ नका. ईसीजी, साखर आणि रक्ताच्या तपासण्यांशिवाय थेट तारीख देणाऱ्या ठिकाणीही नाही.

पैशांचा सापळा वेगळाच. इजा, अपघात, जन्मजात किंवा वाढीतल्या दोषाशी संबंध नसलेल्या सौंदर्यशस्त्रक्रियेवर आणि हेअर ट्रान्सप्लांटवर १८ टक्के जीएसटी लागतो. ‘रोख द्या, बिल नको, तुमचे १८ टक्के वाचतील,’ असं म्हणतात. ८० हजारांवर १४,४०० रुपये वाचल्यासारखे वाटतात, पण बिलच नसलं की तुम्ही ग्राहक होता हे सिद्ध करताना नाकीनऊ येतात. दुसरा मार्ग ईएमआयचा. काउन्सेलर तुमच्याच मोबाइलवर ओटीपी मागून कर्ज काढून देतो आणि शस्त्रक्रियेआधी सगळी रक्कम क्लिनिकच्या खात्यात जमा होते. क्लिनिक बंद झालं तरी हप्ते तुमच्याच माथी. डिजिटल कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार किमान एका दिवसाचा फेरविचाराचा अवधी असतो. त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. कर्जाचं मुख्य तथ्य पत्रक, म्हणजे व्याज आणि खर्च सांगणारा कागद, त्याच संध्याकाळी घरी बसून वाचा.

फसवणूक झालीच असेल, तर क्लिनिक देऊ करतं ती ‘फुकट दुसरी बैठक’ आधी नाकारा. त्यात उरलेला डोनर एरियाही संपतो. शिवाय तक्रार करणार नाही असं लिहून घेतात, त्यावर सही करू नका. दुसऱ्या पात्र डॉक्टरकडून डोनर एरियाची ट्रायकोस्कोपी (केस आणि त्वचा मोठी करून पाहण्याची तपासणी) आणि लेखी मत घ्या. उपचारांची कागदपत्रं लेखी मागा. मागणी झाल्यापासून ७२ तासांत ती देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. नोंदणीकृत डॉक्टरविरुद्ध तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, बोगस डॉक्टरविरुद्ध पोलीस आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग: पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, प्राथमिक माहिती १९१५ या क्रमांकावर मिळते. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे आणि ‘अजून सहा महिने थांबा’ ऐकत बसलात तर ती त्यातच सरते. बारावा महिना उलटला की फोटो, बिल आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत जोडून स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.